हिप्परखेडची लाईन

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन चौथा उन्हाळा चालू होता, आणि हिप्परखेडात धड पाऊस न पडल्याचं दुसरं वर्ष. गावाचं पोस्ट संगप्पा कलशेट्टीच्या किराणा दुकानातच होतं, आणि गावातला एकुलता एक फोनही तिथंच. कागदावर पोस्टमास्तर संगप्पा; पण त्याला ऐकू फार कमी यायचं, म्हणून फोनवर बसायची त्याची सून शिवकांता. ती उदगीरला मॅट्रिक झालेली. नवरा निलंग्याला एका अडतीवर कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा.

गावात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण ‘लाईन’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. नळापुढं घागरींची लाईन. खांबावरून वीज आली ती लाईन, जमिनीतून पाइपानं पाणी आलं तीही लाईन. फोनमध्ये नुसती खरखर आली की लाईन खराब. शेषेराव सरपंचाचा थोरला पोरगा दहावीत दोनदा बसला, तेव्हापासून शेषेराव येईल त्या पाव्हण्याला विचारायचा, “ह्याला कोणत्या लाईनीत घालावं?” आणि तोच पोरगा शाळेच्या वाटेवर लाईन मारत उभा असतो, असं बायका म्हणायच्या. कोण कशाबद्दल बोलून राहिलंय ते ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. त्यात कधी कुणाचा घोटाळा झाला नव्हता.

गावाला पाणी दोन ठिकाणांहून यायचं. एक ओढ्याकाठच्या बोअरवरून, मोटार लावून. आणि मोटार बंद पडली तर सहा किलोमीटरवरच्या मोगरखेडच्या टेकडीवरल्या टाकीतून, पाइपानं, तेही पाळी असेल तेव्हाच. मोगरखेडलाच विजेचं सबस्टेशन होतं. टाकीजवळ फोन नव्हता. पण टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस सावलीला सबस्टेशनच्या ओट्यावर पडलेला असायचा. म्हणून पाणी हवं असलं की शिवकांता सबस्टेशनलाच फोन लावायची. तिथला ऑपरेटर मल्लिकार्जुन स्वामी तिचा आवाज ओळखायचा. “मल्लिकार्जुनअप्पा, आमची लाईन सोडा की,” ती म्हणायची. “चाक फिरवायला सांगतो,” असं म्हणून तो फोन खाली ठेवायचा, आणि तासाभरात नळाला पाणी यायचं.

मे महिन्यातल्या त्या दिवशी बोअरची मोटार बंद पडून तिसरा दिवस होता. ओढ्याजवळच्या खांबावर तारेचा जोड जळाला होता. दुपारी दोनच्या सुमारास लाईनमन दगडोबा आला. तो ह्याच गावचा, बारा वर्षं खांबावर चढलेला. त्यानं दुकानातूनच सबस्टेशनला फोन केला.

“मल्लिकार्जुनअप्पा, हिप्परखेडची लाईन बंद करा. मी वर चढून राहिलो. माझा निरोप आल्याबिगर सोडू नका.”

पलीकडून ‘बंद केली’ असं त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं, दुकानातला बल्ब गेलेला पाहिला, आणि पिशवी खांद्याला लावता लावता शिवकांताला म्हणाला, “काम झालं की माणूस पाठवतो, ताई. मग तुम्ही फोन करा.”

“हाव,” शिवकांता म्हणाली.

चार वाजले तरी दगडोबाचा माणूस आला नव्हता. एक जोड म्हणून तो गेला होता; पण तिथं तारेखालचा चिनी मातीचा कपही फुटलेला निघाला असणार, असं तिला वाटलं. तेवढ्यात शेषेराव सरपंच घामाघूम होऊन दुकानात शिरला. धोतर धुळीनं माखलं होतं. नळाजवळ बायकांची जुंपली होती, आणि एकीच्या कपाळावर घागर बसून रक्त आलं होतं.

“पोरी, मोगरखेडला फोन लाव. आज आपली पाळी हाय. लाईन सोडा म्हणावं, न्हाईतर इथं खून पडंल.”

शिवकांतानं हँडसेट उचलला. शिरूर अनंतपाळच्या एक्स्चेंजनं जोडून दिलं. आवाज अनोळखी होता.

“हालो, सबस्टेशन.”

“हिप्परखेडहून बोलून राहिले. हिप्परखेडची लाईन सोडा.”

“झालं का मग?”

फोनमध्ये खरखर होती, आणि कानाशी सरपंच ओरडत होता, “लवकर म्हणावं! तासभर लावू नका म्हणावं!”

“हाव, हाव,” शिवकांता म्हणाली, “लवकर सोडा.”

“पाच मिनिटं. रजिस्टरला लिहितो अन् हँडल मारतो.”

फोन तुटला. तिनं हँडसेट ठेवला, वहीत वेळ लिहिली, चार वाजून वीस मिनिटं, आणि ‘मोगरखेड’ लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

व्हॉल्व्हला हँडल नसतं. व्हॉल्व्हला चाक असतं.

चारला तिथली पाळी बदलते, हे तिला ठाऊक होतं. मल्लिकार्जुन घरी गेला असणार. जाताना त्यानं नव्या माणसाला सांगितलं असणार की हिप्परखेडवर माणूस चढलाय, तिथून निरोप आला की लाईन सोड. आणि आत्ता हिप्परखेडहून, ह्याच फोनवरून, तोच निरोप गेला होता. तिच्या तोंडून.

“सरपंच,” ती म्हणाली, “त्यानं बिजली समजली. तो बिजली सोडणार हाय. दगडूभाऊ वर हायत.”

शेषेरावला क्षणभर काही कळलं नाही. शिवकांतानं फोनची मूठ गरागरा फिरवली.

“मोगरखेड सबस्टेशन द्या! अर्जंट!”

“लाईन बिझी हाय,” एक्स्चेंजवरची बाई म्हणाली. “लातूरहून कॉल आलाय त्यांना.”

“तोडा तो!”

“सायबाचा कॉल कसा तोडू?”

“खांबावर माणूस हाय, बाई! मरंल तो! मधी बोला तुम्ही, काहीही करा!”

“थांबा, थांबा, बघते…”

थांबायला वेळ नव्हता. संगप्पा गल्ल्यावरून उठून सुनेकडं बघत होता. तिनं हँडसेट त्याच्या हातात दिला आणि त्याच्या कानाला तोंड लावून ओरडली, “मामा, ह्याच्यात बोलत ऱ्हा! बिजली सोडू नका! एवढंच! थांबू नका!”

म्हाताऱ्याला पलीकडचं काही ऐकू येणार नव्हतं. पण तो फोनमध्ये तोंड घालून ओरडायला लागला, “बिजली सोडू नका! बिजली सोडू नका!”

दुकानासमोर ग्रामपंचायतीचा शिपाई मलप्पा सायकलला टेकून उभा होता. शिवकांता त्याच्यावर ओरडली, “ओढ्याला जा! दगडूभाऊला खाली उतरव! लाईन येऊन राहिली!” तिच्या चेहऱ्याकडं बघूनच मलप्पानं टांग टाकली. पण ओढा दोन किलोमीटर होता, आणि वाट सगळी बाभळीच्या काट्यांची. पाच मिनिटांतलं एक मिनिट गेलंच होतं.

सबस्टेशनहून येणारी लाईन आधी गावावरून जायची आणि मग ओढ्याकडं. सार्वजनिक आडाच्या शेजारून तीन तारा गेल्या होत्या. शिवकांताच्या डोळ्यांपुढं एक गोष्ट उभी राहिली. खांबावर चढण्याआधी दगडोबा कधी कधी तारांवर साखळी टाकायचा. तिनं एकदा त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, चुकून कुणी लाईन सोडली तर साखळीवरच जाळ होतो अन् तिकडं हँडल आपोआप पडतं, पुढं काही जात न्हाई. आज त्यानं टाकली असेल का? त्याची पिशवी तिला आठवली. उचलताना ती हलकी होती. आत साखळी वाजली नव्हती.

ती आडाकडं पळाली. आड दोन वर्षं कोरडा होता, पण रहाटाला पोहऱ्याची लोखंडी साखळी अजून लटकत होती. शेजारीच नळ, आणि नळापासून मारुतीच्या पारापर्यंत घागरी आणि बायका. कपाळाला पदर दाबून बसलेली बाई तेवढी सावलीला होती.

“साखळी काढा! साखळी तारांवर टाकायची हाय! दगडूभाऊ खांबावर हायत अन् बिजली येऊन राहिली!”

बायका जागच्या हलल्या नाहीत. मागून आलेल्या शेषेरावनं तिचा दंडच धरला.

“येडी झालीस का? तारा जळतील. तुटतील. पंधरा दिवस बोअर बंद पडंल. ह्या बायकांनी काय प्यावं? मलप्पा गेलाय न्हवं का सायकलवर?”

“तो पोचायचा न्हाई, सरपंच.”

“तुला काय ठावं? अन् तो वरच हाय कशावरून? काम उरकून चिलीम वढत बसला असंल खाली.”

असेलही. शिवकांतालाही क्षणभर तसंच वाटावंसं वाटलं. घागरींकडं पाहिलं तर तिच्या स्वतःच्या दोन घागरीही त्यांत होत्या.

मग रहाटाचा कडकड आवाज आला. लाईनीतली एक बाई बाहेर पडून आडावर चढली होती आणि साखळी ओढून काढत होती. ती दगडोबाची बायको, साखराबाई. साखळी गंजलेल्या आकड्यात अडकली होती, ती दोन्ही हातांनी झटके देत होती. शिवकांता सरपंचाचा हात झटकून तिच्याजवळ गेली. दोघींनी मिळून आकडा वाकवला. साखळी खळकन खाली आली.

पण तारा उंच होत्या. साखळी जड. साखराबाईनं एकदा फेकून बघितली, ती निम्म्यावरूनच परत आली.

“दोरीला दगड बांधा,” मागून कुणी म्हणालं. ती धुरपताबाई होती, सत्तरीची, आयुष्यभर ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकललेली. “दगड वर जाऊ द्या, मग साखळी वढून घ्या.” बोलता बोलता तिनं कुणाच्या तरी घागरीच्या गळ्यातली सुताची दोरी सोडली, एका टोकाला मुठीएवढा दगड बांधला, दुसरं टोक साखळीच्या कडीत ओवलं.

“कुण्या बाजूनं जाऊ देऊ?”

“तिन्ही तारांच्या वरून, आजी.”

म्हातारीनं हात दोनदा फिरवला आणि सोडला. दगड तारांच्या खालूनच गेला. बायकांतून ‘आरं देवा’ असा आवाज निघाला. साखराबाईनं दगड आणून दिला. म्हातारीनं पदर कमरेला खोचला. ह्या वेळी दगड सरळ वर गेला, तारांच्या वरून पलीकडं जाऊन खाली लोंबकळला. पलीकडून शिवकांता आणि साखराबाई दोरी ओढायला लागल्या. साखळी खरखरत वर चढली, पहिल्या तारेवर घासली, अडकली. कधीही लाईन येईल आणि आपण दोरीला धरून आहोत, हे शिवकांताला माहीत होतं. दोरी कोरडी होती. पण साखळी खालपर्यंत आली तर? तिनं एकदा साखराबाईकडं पाहिलं. साखराबाईनं नुसती मान हलवली, ओढ.

दोघींनी जोर लावला. साखळी सुटली आणि तिन्ही तारांवर आडवी पडली, तिची दोन्ही टोकं इकडं तिकडं लोंबायला लागली.

“सोडा! हात सोडा! मागं व्हा सगळ्या!”

त्या पाच-सहा पावलं मागं सरकल्या असतील. आधी आवाज झाला, सुरुंग उडाल्यासारखा, आणि मग निळा-पांढरा जाळ. बायका किंचाळत पाराकडं पळाल्या. साखळीचे लालभडक तुकडे धुळीत पडले. एक तार मधोमध तुटून सापासारखी वळवळत खाली आली आणि आडाच्या ओट्यावर आदळली. मग सगळं शांत.

“झालं,” शेषेराव म्हणाला. “झालं ना मनासारखं?” तो तुटलेल्या तारेकडं दोन पावलं गेला.

“सरपंच, मागं या!” शिवकांता ओरडली. “तो परत हँडल मारंल!”

शेषेराव थबकला, आणि त्याच क्षणी ओट्यावरली तार तडतडली. तिच्या टोकातून ठिणग्या उडाल्या, ओट्याचा दगड काळा पडला, आणि पुन्हा सगळं गप झालं. शेषेराव मागच्या मागं बसला. नंतर तो कितीतरी वेळ तसाच बसून होता.

पण दगडोबाचं काय झालं ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. मोठा जाळ व्हायच्या आधी, पापणी लवते तेवढ्या वेळात, पुढं काही गेलं असलं तर? साखराबाई ओढ्याच्या वाटेकडं तोंड करून उभी राहिली. शिवकांता तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली, पण तिला हात लावायचं धाडस झालं नाही. निरोप तिच्याच तोंडून गेला होता, हे साखराबाईला अजून ठाऊक नव्हतं.

“साखरावैनी,” ती म्हणाली, “फोन मी केला होता. मी पाण्याचं बोलले. त्यानं बिजली ऐकलं.”

साखराबाईनं वळून तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा वाटेकडं बघायला लागली.

अर्ध्या तासानं दोन माणसं येताना दिसली. मलप्पा सायकल हातानं ढकलत होता. मागचं चाक पंक्चर झालं होतं, आणि तो निम्म्या वाटेवरून पळत गेला होता. त्याच्या शेजारी दगडोबा. त्याचा सदरा फाटला होता आणि कोपराला खरचटलं होतं. साखराबाई खालीच बसली, तोंडावर पदर घेतला आणि आवाज न करता रडायला लागली.

“तार माझ्या हातात होती,” दगडोबा म्हणाला. तो कुणाशीच बोलत नव्हता. “जोड झाला होता, पिळून राहिलो होतो. गावाकडं धडाका ऐकला अन् मी तसाच उडी टाकली.” मग त्यानं तुटलेली तार पाहिली, साखळीचे तुकडे पाहिले. “साखळी मी घरीच ठेवली होती,” तो म्हणाला. “एका जोडाचं काम म्हणून.”

दुकानात संगप्पा अजून ओरडत होता. त्याचा आवाज पार बसला होता. एक्स्चेंजवाली केव्हाची सांगत होती की सबस्टेशनला निरोप पोचला, आता बंद करा. पण ते त्याला ऐकू येत नव्हतं.

नव्या तारा यायला अकरा दिवस लागले. मोगरखेडच्या टाकीतून एकदा पाणी आलं, तेही दोन-दोन घागरी. बाकीचे दिवस बायका तीन किलोमीटरवरच्या एका विहिरीवर गेल्या, उन्हात, पोरं काखेला मारून. शिवकांताही गेली. वाटेत तिच्याशी फार कुणी बोललं नाही. एक जण ऐकू जाईल असं म्हणाली, “एका माणसापायी सगळ्या गावाला उन्हात घातलं.” त्यावर धुरपताबाई मागून म्हणाली, “तुझा असता तर?”

बाराव्या दिवशी चौकशीसाठी लातूरला बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी शेषेराव दुकानात येऊन बसला.

“नीट ऐक,” तो म्हणाला. “‘पाण्याची लाईन सोडा’ असं तू म्हणालीस. पाण्याची. मी शेजारीच उभा होतो, मी सांगतो ऐकलं म्हणून. त्या ऑपरेटरनं ध्यान दिलं न्हाई. एवढं बोललीस की तुझा फोन ऱ्हातो, गावाची बदनामी बी न्हाई.”

“बरोबर हाय सरपंचाचं,” संगप्पा बसलेल्या आवाजात म्हणाला. तेवढं मात्र त्याला ऐकू आलं होतं.

लातूरचं वीज मंडळाचं ऑफिस नव्या इमारतीत होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता. बाहेरच्या बाकावर एक तरुण पोरगा बसला होता, पंचविशीचा, हातात रजिस्टर. शिवकांताला बघून तो उठला.

“तुम्ही हिप्परखेडच्या? मी बसवराज. त्या दिवशी मीच होतो.” तो हिमायतनगरकडचा, त्या दिवशी त्याला मोगरखेडला येऊन सहावाच दिवस होता. “मी झोपत न्हाई, ताई, त्या दिवसापासून. दोनदा हँडल मारलं मी. पहिल्यांदा पडलं तर मला वाटलं तसंच पडलं असंल.” मग म्हणाला, “लग्न होऊन दोन महिने झालेत. नोकरी गेली तर तिला काय सांगू?”

आत साहेबांनी कागद पुढं ओढला. “बाई, फोनवर तुमचे नेमके शब्द काय होते?”

बरोबर आलेला शेषेराव खुर्चीवर सरसावून बसला. शिवकांतानं टेबलाच्या कडेकडं पाहिलं.

“‘हिप्परखेडची लाईन सोडा,’” ती म्हणाली.

“कुठली लाईन, ते सांगितलं होतं?”

“न्हाई.”

“त्यानं काही विचारलं?”

“‘झालं का’ म्हणून विचारलं. मी नीट न ऐकता ‘हाव’ म्हणाले.”

साहेबांनी लिहून घेतलं आणि तिची सही घेतली. शेषेराव परतीच्या एस.टी.त तिच्यापासून चार बाकं लांब बसला.

बसवराजची नोकरी राहिली. ज्यानं लाईन बंद करायला सांगितली त्याच माणसाकडून, त्याचा आवाज ओळखून, सोडायचा निरोप घ्यायचा, असा कागद सबस्टेशनच्या भिंतीवर लागला, आणि दगडोबाला साखळी न टाकल्याबद्दल लेखी समज मिळाली. जूनमध्ये संगप्पाच्या दुकानातला फोन उचलून ग्रामपंचायतीत नेला. मलप्पा त्याच्यावर बसायला लागला.

फोन गेला त्या दिवशी संगप्पा जेवला नाही. दोन दिवस सुनेशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शिवकांता सुपात शेंगदाणे निवडत बसली होती, तेव्हा तो गल्ल्यावरून उतरून तिच्यासमोर येऊन बसला.

“खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?” तो म्हणाला.

शिवकांतानं त्याच्या कानाजवळ तोंड नेलं. “त्याचं नवीन लग्न झालंय, मामा.”

“कुणाचं?”

“त्या ऑपरेटरचं. बसवराजचं.”

संगप्पानं सुपाची एक बाजू आपल्याकडं ओढली आणि खडे वेचायला लागला.